सिस्टरचं घर



मागच्या महिन्यात आमच्या गटाच्या बैठकीत बचतीचा हिशेब संपला आणि विषय निघाला उपकेंद्रातल्या सिस्टरचा. "बाई इथं राहतच नाही. पाच वाजले की पिशवी उचलते आणि तालुक्याला जाते. रात्री कुणाला कळा सुरू झाल्या तर आम्ही कुठं जायचं?" तक्रार खरी होती. मी स्वतः 36 वर्षं नर्स होते, तरी ती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. मग एकजण म्हणाली, "तिची पोरगी चौथीला आहे. शाळेसाठी तिकडं बिऱ्हाड केलंय." त्यावर दुसरी लगेच म्हणाली, "एवढं लेकरू महत्त्वाचं होतं तर नोकरी कशाला धरली?"

मी काही बोलले नाही. हे वाक्य मला नवं नव्हतं. दुसऱ्या कुणी म्हणायच्या आधी मीच ते स्वतःला कितीतरी वेळा म्हटलेलं आहे. आज रेडिओवर बोलायला बोलावलं तेव्हा वाटलं, हे वाक्य आलं कुठून ते जरा शोधून सांगावं. आजी-पणजीच्या काळापर्यंत मागं जावं लागेल, आणि एकदा साता समुद्रापलीकडेही जाऊन यावं लागेल.

आधी माझं सांगते. माझा मुलगा झाला 1983 साली. तेव्हा बाळंतपणाची रजा 90 दिवसांची. एक्क्याण्णवाव्या दिवशी मी ड्यूटीवर हजर. महिन्याभरात नाईट लागली, रात्री आठ ते सकाळी आठ, आणि तीही बाळंतिणींच्या वॉर्डात. रात्री दोनच्या सुमारास कुणाचं तरी बाळ रडलं की मला पान्हा फुटायचा. परक्या बाळाच्या रडण्याने! आपल्या अंगाला आपलं-परकं कळत नाही. पांढरा युनिफॉर्म पुढून भिजायचा. मी बाथरूममध्ये जाऊन दूध पिळून टाकायची आणि परत येऊन दुसऱ्या बाईला सांगायची, अंगावरचंच पाजा, वरचं देऊ नका. आणि माझं लेकरू दहा किलोमीटरवर सासूबाईंच्या हातून वाटीचमच्याने गाईचं दूध पीत असायचं. पाचव्या महिन्यात त्याला हगवण लागली. तेव्हा मनाने जे खाल्लं ते पुढं कितीतरी वर्षं खात राहिलं.

आमच्या इन्चार्ज सिस्टरनी एकदा माझा भिजलेला युनिफॉर्म पाहिला. म्हणाल्या, "रुमालाच्या घड्या ठेवत जा आत." एवढंच. त्यांनाही कधीतरी कुणीतरी तेवढंच सांगितलं असणार.

आता दुसरी बाजू ऐका. आमचे हे एसटीत कंडक्टर होते. आठवड्यातून दोन-तीनदा मुक्कामी गाडी. म्हणजे रात्री तेही घराबाहेर आणि मीही घराबाहेर. गावात मला जो तो विचारायचा, "एवढ्याशा पोराला सोडून कसं जाववतं गं?" ह्यांना एकाही माणसाने हे कधी विचारलं नाही. त्यांची ड्यूटी म्हणजे पोटापाण्याचं काम, आणि माझी ड्यूटी म्हणजे पोराला सोडून जाणं.

हा फरक फक्त गावाच्या तोंडात असता तर सोडून दिला असता. पण तो नोकरीच्या घडणीतच आहे. कसा, ते सांगते.

नर्सच्या नोकरीची आजची घडी बसली इंग्लंडमध्ये. फ्लॉरेन्स नाइटिंगेल हे नाव तुम्ही ऐकलं असेल. 12 मे या त्यांच्या जन्मदिवशी आम्ही परिचारिका दिन पाळतो. 1854 मध्ये क्रिमियाच्या लढाईत जखमी झालेल्या सैनिकांसाठी त्या 38 बायका घेऊन तुर्कस्तानात गेल्या. तिथून परतल्यावर 1860 साली लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलात त्यांच्या नावाची नर्सिंगची शाळा निघाली. पहिल्या तुकडीत 15 विद्यार्थिनी होत्या. अट अशी, की वय साधारण 25 ते 35, बाई बिनलग्नाची किंवा विधवा, चालचलणुकीचा दाखला हवा, आणि राहायचं हॉस्पिटलच्याच इमारतीत, मेट्रनच्या नजरेखाली. त्या जागेचं नाव ठेवलं होतं 'होम', म्हणजे घर.

यासाठी नाइटिंगेलबाईंना मी दोष देत नाही. त्या काळी तिकडं दवाखान्यात काम करणारी बाई म्हणजे दारू पिणारी, वाईट चालीची, असाच समज होता. चांगल्या घरच्या बापाने मुलीला पाठवावं म्हणून त्यांना कडक शिस्त दाखवावी लागली. शिवाय त्याआधी आजाऱ्यांची सेवा करायच्या त्या मठातल्या जोगिणी. आपण नर्सला 'सिस्टर' म्हणतो, तो शब्द त्यांचाच. जोगिणीला नवरा नाही, मूल नाही, घर नाही. नर्सिंग मठातून बाहेर आलं तरी मठाचा नियम सोबत घेऊनच आलं.

यात एक गंमत आहे. त्या पहिल्या शाळेच्या मेट्रन होत्या सेरा वॉर्ड्रोपर. त्या विधवा होत्या आणि चार मुलांची आई होत्या. नवरा गेल्यावर पोटासाठी या कामात आल्या आणि तीस वर्षांहून जास्त काळ त्यांनी ते हॉस्पिटल सांभाळलं. घर नसलेल्या बाईसाठी म्हणून जी नोकरी आखली, ती चालवत होती एक आई. मला हे कळलं ते नोकरीतून निवृत्त झाल्यावर. आम्हाला शिकवताना हे कुणी सांगितलं नव्हतं.

आता त्या होममध्ये काय मिळायचं बघा. जेवण तयार. कपडे धुतलेले. पाणी तापवलेलं. म्हणून तर ती बाई एवढे लांबलचक तास उभी राहू शकायची. घरात जे काम बायको करते ते सगळं तिथं होम करत होतं. कामाचे तास ठरले ते या हिशेबाने. पुढं नर्सेस लग्न करू लागल्या, होमबाहेर राहू लागल्या. होमचं स्वयंपाकघर काही त्यांच्याबरोबर आलं नाही. तास मात्र आले.

आपल्याकडे हीच घडी आली. मुंबईत जे. जे. रुग्णालयात 1891 मध्ये बाई काशीबाई गणपत ही पहिली हिंदी विद्यार्थिनी नर्सिंग शिकायला आली. आमच्या पुस्तकात तिच्यावर एकच ओळ होती. त्यानंतरही आपल्या बायका या कामात फार आल्या नाहीत. परक्या पुरुषाला हात लावायचा, रक्त, मळमूत्र काढायचं. सोवळ्याओवळ्याच्या समाजात हे कोण करू देणार? आल्या त्या ख्रिस्ती आणि अँग्लो-इंडियन मुली, टाकलेल्या बायका, आणि विधवा.

विधवांची गोष्ट पुण्याची आहे, म्हणून थोडं थांबून सांगते. 1909 मध्ये रमाबाई रानड्यांनी पुण्यात सेवासदन सुरू केलं. त्यांनी तरुण विधवांना नर्सिंग आणि सुईणीचं काम शिकायला ससून रुग्णालयात पाठवलं. गावात टीका झाली. असं सांगतात की सेवासदनाच्या एका समारंभात केशवपन केलेली एक तरुण मुलगी बक्षीस घ्यायला व्यासपीठावर आली, तेव्हा गॅलरीतली कॉलेजची पोरं तिची टिंगल करू लागली. रमाबाई उभ्या राहिल्या आणि सगळ्यांसमोर त्यांनी त्या पोरांची खरडपट्टी काढली. त्या विधवांना होस्टेल म्हणजे तुरुंग वाटला नसणार. ज्या घरात कोपऱ्यात बसून आयुष्य काढायचं, त्या घरातून बाहेर पडायची ती वाट होती. म्हणून मी म्हणते, 'घर नसलेल्या बाईची नोकरी' ही गोष्ट तेव्हा कुणाच्या तरी फार उपयोगाची होती. घोटाळा झाला तो पुढं, संसार असलेल्या बाया याच नोकरीत आल्या तेव्हा.

आणि त्यांना यावंच लागलं. 1946 साली सरकारच्या भोर समितीने अहवाल दिला. त्यात हिशेब मांडला होता, की देशात नर्सेस जेमतेम 7,000, म्हणजे 43,000 माणसांमागे एक. एवढ्या टंचाईत बिनलग्नाचीच बाई हवी असा हट्ट किती दिवस चालणार? इंग्लंडातही महायुद्धाच्या काळात माणसं कमी पडली तेव्हा लग्न झालेल्या नर्सेसना परत बोलावलं होतं.

पण नियम पुसायला वेळ लागतो. आमच्या ट्रेनिंग स्कूलमध्ये 1976 साली प्रवेशाच्या अर्जावर विचारलेलं होतं, अविवाहित, विधवा की परित्यक्ता? विवाहित असा रकानाच नव्हता. साडेतीन वर्षांत लग्न केलं तर नाव कमी. होस्टेलच्या फाटकावर पाटी होती, 'नर्सेस होम'. रात्री नऊला फाटक बंद.

आणि तुम्हाला वाटेल, हे जुनं झालं. सेलिना जॉन या लष्कराच्या नर्सिंग सेवेत लेफ्टनंट होत्या. 1988 मध्ये त्यांनी लष्करातल्याच एका अधिकाऱ्याशी लग्न केलं आणि त्याच वर्षी त्यांना नोकरीतून काढलं. लग्न हेच कारण. तो नियम 1977 चा होता, 1995 मध्ये मागं घेतला गेला. सेलिनाबाई मात्र कोर्टात लढतच राहिल्या. फेब्रुवारी 2024 मध्ये सुप्रीम कोर्टाने निकाल दिला की लग्न केलं म्हणून बाईला काढणं ही मनमानी आहे, हा बाई-पुरुष भेदभाव आहे, त्यांना 60 लाख रुपये द्या. नोकरी गेली त्याला तोवर छत्तीस वर्षं होत आली होती. माझी सगळी नोकरी जेवढी, तेवढी त्यांची वाट बघणं.

आता कायद्याकडे येते. इथं मला एक गोष्ट फार लागते. बाळंतपणाच्या सुट्टीचा कायदा देशात पहिल्यांदा झाला तो आपल्या मुंबई इलाख्यात, 1929 मध्ये. त्याच्या आदल्या वर्षी कायदेमंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्याच्या बाजूने बोलले होते. तो कायदा होता कारखान्यातल्या बायांसाठी. मग 1948 चा फॅक्टरी कायदा आला. त्यात दोन गोष्टी होत्या. 50 हून जास्त बाया कामाला असतील तर कारखान्यात पाळणाघर हवं. आणि बाईला संध्याकाळी सातपासून सकाळी सहापर्यंत कामाला लावायचं नाही.

गिरणीतल्या बाईला रात्री कामाला ठेवायचं नाही, कारण तिला घर आहे, लेकरं आहेत. आणि दवाखान्यात रात्री बाईच हवी! आम्ही रात्रभर जागायचो तेव्हा आमची लेकरं कुठं असतील, हा प्रश्न त्या कायद्याला पडला नाही. दवाखाना काही कारखान्यात मोडत नव्हता, म्हणून पाळणाघराची सक्तीही नव्हती.

1987 मध्ये केंद्र सरकारने नर्सेसच्या प्रश्नांवर एक उच्चाधिकार समिती नेमली. अध्यक्ष सरोजिनी वरदप्पन. 1989 च्या अहवालात त्यांनी लिहिलं की आठवड्याचे कामाचे तास 40 करा, राहायला जागा द्या, हॉस्पिटलात कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी पाळणाघर काढा. आमच्या दवाखान्यात त्या अहवालाची चर्चा झालेली मला आठवते. चहाच्या वेळेला झाली, आणि चहाबरोबर संपली. 50 किंवा जास्त माणसं जिथं कामाला आहेत तिथं पाळणाघर हवं, हे प्रसूती लाभाच्या कायद्यात आलं ते 2017 मध्ये. त्याच वेळी सुट्टी 12 आठवड्यांची 26 आठवडे झाली, पहिल्या दोन मुलांपर्यंत. याआधीच्या, म्हणजे 1961 च्या मूळ कायद्यात एक कलम होतं की बाळ 15 महिन्यांचं होईपर्यंत आईला रोज दोनदा दूध पाजायला वेगळी सुट्टी द्यायची. बाळ दहा किलोमीटरवर असेल तर ती सुट्टी घेऊन करायचं काय? आपल्या राज्यात सरकारी नोकरीतल्या बायकांना 180 दिवसांची बालसंगोपन रजा मिळू लागली 2018 पासून. तोवर माझा मुलगा पस्तिशीला आला होता.

आमच्या वेळी निम्म्या स्टाफ सिस्टर केरळच्या होत्या. त्यांचं तर आमच्याहून अवघड. घर हजार मैलांवर, मूल आजीकडे, वर्षातून एकदा भेट. पुढं त्यातल्या काही आखातात गेल्या. त्यांच्याआधीची पिढी तर थेट जर्मनीला गेली होती. त्यांच्या पैशांवर भावांची शिक्षणं झाली, बहिणींची लग्नं झाली, घरांवर स्लॅब पडले. नाईटला आम्ही दोघी असलो की माझी मैत्रीण मुलीचा फोटो टेबलाच्या काचेखाली सरकवायची. सकाळी उचलून परत पर्समध्ये. फोटोतली मुलगी तीन वर्षांची. खरी मुलगी तेव्हा सात वर्षांची झाली होती.

एक विषय टाळता येत नाही, तो हिरकणीचा. आपण सगळ्या तिची गोष्ट ऐकत मोठ्या झालो. रायगडाचे दरवाजे बंद झाले, घरी तान्हं बाळ, आणि ती अंधारात कडा उतरून गेली. आता एसटी स्टँडवर आयांसाठी हिरकणी कक्ष असतात, ते चांगलंच आहे. पण दवाखान्याच्या नोकरीत मला ही गोष्ट जड जायची. कारण मी कडा उतरत नव्हते. मी गडावरच थांबत होते, दुसऱ्यांच्या बाळांपाशी. आई असशील तर उतर, असं कुणीतरी रोज रात्री कानात सांगायचं. मात्र त्या गोष्टीतला दरवाजा मी कधी नीट पाहिला नव्हता. पोटासाठी दूध विकायला आलेली बाई आत अडकली होती. तिच्या मायेवर गोष्ट झाली. पुढं तिला घरी वेळेत कसं पाठवायचं, यावर कुणी गोष्ट केलेली मी ऐकलेली नाही.

करोनात काय झालं ते तुम्ही मोबाईलवर पाहिलं असेल. एप्रिल 2020 मध्ये बेळगावात एका नर्सला ड्यूटीनंतर हॉटेलात वेगळं ठेवलं होतं. बापाने तीन वर्षांच्या मुलीला गाडीवर बसवून तिथं आणलं. पोरगी लांबूनच आईकडे हात करून रडते आहे आणि आईही रडते आहे. त्या नर्सला मुख्यमंत्र्यांचा कौतुकाचा फोन गेला. आपण सगळ्यांनी रडून तो व्हिडिओ पुढं पाठवला. मीही पाठवला.

आता परत आपल्या उपकेंद्राकडे. साधारण 5,000 वस्तीला एक उपकेंद्र, डोंगराळ आणि आदिवासी भागात 3,000 ला एक, आणि तिथं एक सिस्टर. सरकारचा नियम आहे की तिने 'मुख्यालयी राहावं'. हा नियम वाचला की मला नर्सेस होमचं फाटक आठवतं. एका बाईने आपल्या गावी येऊन खोलीत राहायचं आणि रात्री-अपरात्री दार वाजलं की उठायचं. तिला नवरा असेल, त्याची नोकरी दुसरीकडे असेल, मुलीला चांगली शाळा हवी असेल, रात्री दार वाजवणारा माणूस पेशंटच असेल याची खात्री नसेल, याला त्या नियमात जागा नाही. ती अप-डाउन करते तेव्हा आपण तिला कामचुकार म्हणतो. आणि ती इथं राहिली, मुलगी आजीकडे ठेवली, तर आपणच म्हणतो, कसली आई!

गटात मी हे बोलले तेव्हा एकीने मला अडवलं. म्हणाली, "ताई, तुमचं खरं आहे. पण माझ्या सुनेला रात्री दोनला नेलं तेव्हा गाडीत बाळंत झाली ती." तिचं म्हणणं मी खोडू शकले नाही. दोन्ही बायका खऱ्या आहेत, जिला रात्री सिस्टर हवी ती, आणि जिला रात्री लेकरापाशी असायला हवं ती. त्या एकमेकींच्या समोर उभ्या आहेत, कारण तिथं दोन सिस्टर पाहिजेत आणि जागा एकीचीच भरलेली आहे. दुसरी जागा मागायला ग्रामसभेत उभं राहायचं तर गटातल्या चाळीस जणी जास्त जोराने बोलू शकतील. एकट्या सिस्टरने मागितलं तर बदली व्हायची.

मुलाला मी मागं एकदा धीर करून विचारलं, "लहानपणी रात्री मी नसायचे, तुला काय आठवतं?" तो म्हणाला, रात्रीचं काहीच आठवत नाही, आजी गोष्ट सांगायची एवढंच. आठवतं ते दिवसाचं. दार लोटलेलं, आई आत झोपलेली, आजी ओठांवर बोट ठेवून बसलेली, आणि तो अंगणात चपला काढून खेळतो आहे, आवाज होऊ नये म्हणून. मी ज्या रात्रींसाठी झुरले त्या त्याच्या लक्षातही नव्हत्या. आणि ज्या दुपारी मी घरीच होते म्हणून निर्धास्त झोपले, त्या त्याला आठवत होत्या. अजूनही तो दार लावताना कडी हाताने धरून, आवाज न करता लावतो.

सासूबाईंना जाऊन अकरा वर्षं झाली. त्या दोन वेळा बाळंतपणं काढून, शेत बघून, पन्नाशीत पुन्हा तान्हं बाळ सांभाळत होत्या. मी पगार आणायची, तो त्यांच्या हातात द्यायची, आणि मला वाटायचं हिशेब झाला. त्यांच्या रात्रीच्या ड्यूटीची नोंद कुठल्याच वहीत नाही.

पुढच्या बैठकीला आम्ही सिस्टरला बोलावलंय. नेहमीची संध्याकाळची वेळ बदलून शनिवारी दुपारी ठेवली आहे. शनिवारी मुलीची शाळा सकाळची असते, तिला घेऊन या असं सांगितलंय. जेवायला पिठलं-भाकरी आहे. जिने "नोकरी कशाला धरली" म्हटलं होतं, भाकरी तिच्याकडेच लावल्या आहेत.